"इंग्रजी प्रत सोबत जोडा": मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

समस्त मराठी प्रकाशक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच एका संस्थेकडून माझं बाड परत आलं. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, कारण हेच उत्तर थोड्याफार फरकाने मला याआधीही दोनदा मिळालं आहे. बाडात निइमि नान्किचि यांच्या सहा बालकथा होत्या, थेट जपानीतून मराठीत आणलेल्या. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "अनुवाद वाचनीय आहे. मात्र मूळ जपानी असल्याने आम्हाला ताडून पाहता येत नाही. इंग्रजी प्रत सोबत जोडावी, किंवा इंग्रजीवरून अनुवाद करून द्यावा."

शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. मूळ भाषा येणाऱ्या माणसाला तुम्ही सांगता आहात की मूळ बाजूला ठेव आणि दुसऱ्या कुणी केलेल्या अनुवादाचा अनुवाद कर. यावर गप्प बसणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र. तुमच्यासाठी आहेच, पण तुमची पुस्तकं विकत घेणाऱ्या वाचकांसाठीही आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. बावीस वर्षांपूर्वी रानडे इन्स्टिट्यूटच्या संध्याकाळच्या वर्गात मी हिरागाना, म्हणजे जपानी मुळाक्षरं, गिरवायला बसले. पहिल्याच आठवड्यात 'त्सु'चा उच्चार शिकवताना बाईंनी फळ्यावर 'चूल' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "चहातला च नको, चुलीतला च." अख्ख्या वर्गाला तो उच्चार तिथल्या तिथे आला. इंग्रजांना जो आवाज शब्दाच्या सुरुवातीला काढताच येत नाही, तो आपल्या आजीच्या तोंडात होता. तरी जपानी 'त्सुनामी'ला आपण लिहितो 'सुनामी', कारण तो शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला. जपानी आणि मराठी एकमेकींना इतक्या जवळून ओळखतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पोटापाण्यासाठी मी चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. मशीनची मॅन्युअलं, सुरक्षेच्या सूचना, जपानी साहेबांच्या मीटिंगा, सगळं जपानीतून थेट मराठीत करते. तिथे मला कधीही कुणी "आधी इंग्रजीत करा" असं म्हटलेलं नाही. प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला सूचना चुकीची कळली तर त्याचं बोट जाईल, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. गोष्ट चुकीची पोचली तर कुणाचं बोट जात नाही, म्हणून ती कशीही पोचली तरी चालेल का?

त्या बाडातली पहिली कथा 'गोन' नावाच्या कोल्ह्याची. नान्किचि यांची ही कथा १९३२ मध्ये 'आकाइ तोरि' या मासिकात आली, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. एकोणतिसाव्या वर्षी क्षयाने गेले. जपानमधली मुलं ही कथा पिढ्यान् पिढ्या चौथीच्या पुस्तकात वाचत आली आहेत. रानात एकटा राहणारा गोन खोडी म्हणून ह्योजू नावाच्या गरीब माणसाच्या जाळ्यातली वाम पळवतो. पुढे ह्योजूची आई जाते. वाम खायची तिची इच्छा राहून गेली असणार, असं गोनच्या मनाने घेतलं आणि त्याला चुटपुट लागली. मग तो रोज गुपचूप ह्योजूच्या घरी चेस्टनट नेऊन ठेवू लागला. एके दिवशी ह्योजूला कोल्हा घरात शिरताना दिसतो आणि तो बंदूक उचलतो. नंतर त्याचं लक्ष जमिनीवरच्या चेस्टनटांकडे जातं. तो म्हणतो, "गोन, तूच होतास होय. रोज चेस्टनट आणून द्यायचास तो." गोन डोळे मिटलेले ठेवूनच मान हलवतो. ह्योजूच्या हातातली बंदूक गळून पडते, आणि नळीच्या तोंडातून निळा धूर अजून बारीक निघत असतो. कथा तिथेच संपते.

ह्योजूचं ते वाक्य जपानीत याच क्रमाने आहे. "तूच होतास होय" आधी, "रोज द्यायचास तो" मागून, जीभ जड झालेल्या माणसासारखं. इंग्रजीला ते सरळ करून घ्यावं लागतं. मला एकही शब्द हलवावा लागला नाही. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला ही कथा वाचून दाखवली, तर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. या वाक्यासाठी मी इंग्रजी प्रत कशाला आणू?

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की इंग्रजी प्रतीला तुम्ही प्रमाण मानता आणि तिला भोकं असू शकतात हे लक्षात घेत नाही. मुरासाकि शिकिबु या बाईंनी हजार वर्षांपूर्वी लिहिलेली 'गेन्जी'ची कथा चौपन्न अध्यायांची आहे. आर्थर वेली यांनी १९२५ ते १९३३ या काळात ती इंग्रजीत आणली आणि जगाने जपानी साहित्याकडे पाहिलं ते बरंचसं त्यांच्या नजरेने. पण त्यांनी अडतिसावा अध्याय गाळला. कुणी वेलींवरून मराठी केलं तर आपल्या वाचकालाही तो मिळणार नाही, आणि काही राहिलंय हे त्याला कळणारही नाही. जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. हारुकी मुराकामी यांची 'द विंड-अप बर्ड क्रॉनिकल' जपानीत १९९४-९५ मध्ये तीन खंडांत आली. १९९७ च्या इंग्रजी आवृत्तीसाठी प्रकाशकाने लांबीची मर्यादा घातली आणि अनुवादक जे रुबिन यांना त्यातले भाग कापावे लागले. रुबिन यांनी स्वतः ते सांगितलं आहे. जर्मनीत ही कादंबरी आधी इंग्रजीवरून झाली, म्हणजे कापाकापीही तिच्यासोबत गेली. २०२० मध्ये उर्सुला ग्रेफे यांनी ती थेट जपानीतून पुन्हा केली. जर्मन प्रकाशकाने दुसऱ्यांदा पैसे घातले. आपल्याला पहिल्यांदाच नीट करायची संधी आहे.

दुसरी तक्रार माझ्या फार जिव्हाळ्याची. जपानीतलं जे इंग्रजीत मावत नाही, ते कितीतरी वेळा मराठीत सहज मावतं. तुम्ही आडवळणाने जाता आणि नेमकं तेच वाटेत सांडतं.

नात्सुमे सोसेकि यांच्या मांजराच्या कादंबरीची सुरुवात घ्या. "वागाहाइ वा नेको दे आरु. नामाए वा मादा नाइ." इंग्रजीत हे होतं 'आय अ‍ॅम अ कॅट'. 'मी मांजर आहे', संपलं. पण 'वागाहाइ' हा साधा 'मी' नाही. मिशीला पीळ देऊन बोलणाऱ्या बड्या माणसाचा तो 'मी' आहे, आणि तो एका बेवारशी मांजराच्या तोंडी आहे. गंमत सगळी तिथेच. मराठीत ती एका शब्दात येते: "आम्ही मांजर आहोत. नाव अजून नाही." ऐतिहासिक नाटकं पाहत वाढलेल्या आपल्या वाचकाला हा 'आम्ही' समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीवरून करणाऱ्याला मात्र तिथे असं काही होतं याचा पत्ताच लागणार नाही.

कावाबाता यासुनारि यांच्या 'युकिगुनि' या कादंबरीचं पहिलं वाक्य जगप्रसिद्ध आहे. एडवर्ड सायडेनस्टिकर यांच्या इंग्रजीत आगगाडी लांब बोगद्यातून बर्फाच्या प्रदेशात येते. मूळ वाक्यात आगगाडी नाहीच! कर्ताच नाही. इंग्रजी वाक्य कर्त्याशिवाय उभं राहत नाही, म्हणून सायडेनस्टिकर यांना गाडी आणावी लागली. मराठीला तशी गरज नाही. "शिवेवरचा लांबलचक बोगदा ओलांडला, तर बर्फाचा मुलूख. रात्रीचा तळ पांढरा झाला." दुसरं वाक्य शब्दाला शब्द आहे, मूळ जपानीतही 'रात्रीचा तळ' असंच आहे. इंग्रजीत तो तळ गेला आणि रात्रीच्या आकाशाखाली पांढरी जमीन आली. कसाऱ्याचा किंवा खंडाळ्याचा बोगदा पावसाळ्यात ज्यांनी ओलांडला आहे, त्यांना बोगद्याअलीकडचं आणि पलीकडचं जग वेगळं असतं हे अंगावर अनुभवून माहीत आहे. त्यांच्यापर्यंत हे वाक्य जसंच्या तसं पोचवता येतं.

याच कावाबातांना १९६८ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या भाषणाचं नाव 'उत्सुकुशिइ निहोन नो वाताशि'. यातला 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे. 'सुंदर जपानचा मी', इतकं सरळ. इंग्रजीत त्याचं झालं 'जपान, द ब्युटिफुल अँड मायसेल्फ', म्हणजे जपान वेगळा आणि मी वेगळा. माणूस देशाचा आहे, हा अर्थच सैल पडला. पुढे १९९४ मध्ये ओए केन्झाबुरो यांनी आपल्या नोबेल भाषणाचं नाव याच नावावर बेतलं आणि त्या छोट्या 'नो'ची फोड केली. त्या 'नो'ची जुळी बहीण मराठीत जिवंत असताना तिला बाजूला ठेवून इंग्रजीकडे का जायचं, हे मला खरंच समजत नाही.

साध्या गोष्टीतही तेच. जपानीत मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ यांना वेगळे शब्द आहेत, आनि आणि ओतोओतो. इंग्रजीत दोघेही ब्रदर. मग मराठी अनुवादक दादा लिहावं की धाकटा हे अंदाजाने ठरवतो. कोण कुणाला तू म्हणतं, तुम्ही म्हणतं की आपण, हे जपानीत प्रत्येक क्रियापदात लिहिलेलं असतं. इंग्रजीत उरतो एक 'यू'. एका मराठी पुस्तकात पंचविशीतला नोकर साठीच्या मालकाला पानोपानी 'तू' म्हणताना मी वाचलं आहे. अनुवादकाचा दोष नव्हता, त्याच्या हातात जे होतं त्यात ती माहितीच नव्हती.

आणखी एकच उदाहरण देते. मुराता सायाका यांच्या २०१६ च्या आकुतागावा पारितोषिक मिळालेल्या कादंबरीचं नाव 'कोन्बिनि निन्गेन'. कोन्बिनि म्हणजे रोजच्या वस्तूंचं दुकान, निन्गेन म्हणजे माणूस. इंग्रजी नावात त्याची 'वुमन' झाली. पण नायिकेचं दुखणंच हे आहे की जगाला ती नीटशी बाईही वाटत नाही आणि नीटसं माणूसही वाटत नाही, दुकानाच्या काउंटरमागे ती कुणीतरी असते. मराठीत आपण 'घरचं माणूस' म्हणतो, नपुंसकलिंगी आणि मायेनं. 'दुकानातलं माणूस' म्हटलं की काम झालं.

तिसरी तक्रार. तुमच्या प्रदर्शनांत 'जपानी' म्हणून जे सगळ्यात पुढे मांडलेलं असतं, ते पाहून जीव तुटतो. 'इकिगाई' घराघरात आहे. ते पुस्तक एक्तोर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस या दोन स्पॅनिश लेखकांचं आहे, २०१६ मध्ये आलेलं. लोकांनी वाचलं, त्यांना बरं वाटलं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण इकिगाइ, म्हणजे जगण्याचं कारण, या विषयावर जपानी माणसाने काय लिहिलं, हे कुणी शोधलं का? कामिया मिएको नावाच्या मनोविकारतज्ज्ञ बाई ओकायामा प्रांतातल्या नागाशिमा बेटावर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करत होत्या. घरदार तुटलेली, नाव बदलून राहणारी माणसं कशाच्या आधाराने जगतात, हा प्रश्न त्यांना तिथे पडला, आणि १९६६ मध्ये त्यांनी 'इकिगाइ नि त्सुइते' हे पुस्तक लिहिलं. आनंदवन पाहिलेल्या, बाबा आमट्यांना ऐकलेल्या महाराष्ट्राला हे पुस्तक किती जवळचं वाटेल! पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या मैत्रीची बाग आहे, पु.लं.च्या नावाची. त्या ओकायामातून आलेलं हे पुस्तक मी मराठीत खूप शोधलं, मला मिळालं नाही.

चौथी गोष्ट मुलांची. माझा तेरा वर्षांचा भाचा जपानी अ‍ॅनिमेवर, म्हणजे तिकडच्या कार्टूनवर, वाढला आहे. डोरेमॉन आणि शिनचॅन तो हिंदीतून शिकला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'डीमन स्लेयर'चा चित्रपट भारतात जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला. मराठीत नाही. तो चित्रपटवाल्यांचा प्रश्न, हे मान्य. पण पाहून आल्यावर त्याने मला विचारलं, "मावशी, मांगा मराठीत का नसतात?" मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. हा प्रश्न तुमच्यासाठी आहे. मराठी मुलं वाचत नाहीत म्हणून आपण परिसंवाद भरवतो, आणि हा मुलगा खाऊचे पैसे साठवून इंग्रजी मांगा विकत घेतो. मांगाच्या पानांवर आवाजाचे शब्द भरलेले असतात. दोकिदोकि म्हणजे धडधड, गुरुगुरु म्हणजे गरगर, झाआझाआ म्हणजे धो धो, किराकिरा म्हणजे लखलख, बेताबेता म्हणजे चिकचिक. इंग्रजी अनुवादक इथे घायकुतीला येतात. आमच्या आज्या हे शब्द बोलता बोलता उधळायच्या. मी आणि भाच्याने एका रविवारी वहीत अशी दीडशे जोडपी लिहून काढली, आणि त्याला मराठीचा तास कंटाळवाणा वाटतो हे तो त्या दिवसापुरता विसरला.

पाचवी तक्रार नावाची आणि पैशाची, थोडक्यात सांगते. 'तोत्तोचान' वाचून ज्यांनी शिक्षक व्हायचं ठरवलं, त्यातल्या किती जणांना चेतना सरदेशमुख-गोसावी हे नाव आठवतं? अनुवादकाचं नाव आतल्या पानावर बारीक टायपात टाकायची आपली रीत आहे. इंटरनॅशनल बुकर २०१६ पासून रक्कम लेखक आणि अनुवादकात निम्मी-निम्मी वाटतं. कावाबातांनी आपल्या नोबेलच्या यशाचं श्रेय सायडेनस्टिकर यांना उघडपणे दिलं. आणि मला गेल्या वर्षी एका ठिकाणी सांगण्यात आलं की शब्दामागे जो दर इंग्रजीला तोच जपानीला, "कारण शेवटी मराठीच लिहायचंय ना".

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. हजार-अकराशे प्रती खपायला किती वर्षं जातात, कागदाचे भाव काय झालेत, हे मीही ऐकते. ताडून पाहायची अडचणही खोटी नाही. पण तिला उत्तर आहे. पन्नासेक वर्षं या शहरात जपानी शिकवली जाते. सर्वांत वरची, एन-वन परीक्षा पास झालेली माणसं इथे कोथरूडपासून हिंजवडीपर्यंत राहतात. दोन प्रकरणं वाचून अभिप्राय द्यायला त्यातलं कुणीही आनंदाने येईल. काही जणांनी थेट जपानीतून मराठीत पुस्तकं केलीही आहेत, बहुतेक एकट्याच्या हिमतीवर. हक्कांचं म्हणाल, तर सोसेकि १९१६ मध्ये गेले, आकुतागावा १९२७, मियाझावा केन्जि १९३३, नान्किचि १९४३, दाझाइ १९४८. हे सगळे लेखक आपल्या कायद्याप्रमाणे हक्कमुक्त आहेत, आणि मूळ संहिता 'आओझोरा बुन्को' या जपानी संकेतस्थळावर फुकट आहे. बाकीच्या लेखकांसाठी जपान फाउंडेशन परदेशी प्रकाशकांना अनुवाद आणि छपाईसाठी अर्थसाहाय्य देतं. त्यासाठी अर्ज मात्र प्रकाशकालाच करावा लागतो, अनुवादकाला करता येत नाही.

आणि एक आठवण ठेवा. हिरोशि फुकाझावा नावाच्या जपानी इतिहासकाराने मराठ्यांच्या काळातल्या दख्खनच्या गावगाड्यावर, वतनांवर आयुष्य घातलं, ते मराठी कागदपत्रं वाचून. त्यांच्या लेखांचा ग्रंथ १९९१ मध्ये निघाला आणि आपले अभ्यासक आजही तो आधाराला घेतात. त्यांनी आपल्यापर्यंत यायला आपली भाषा शिकली. आपल्याकडे त्यांची भाषा शिकलेली माणसं असूनही आपण इंग्रजी प्रत मागतो.

म्हणून माझ्या मागण्या:

१. मूळ जपानी पुस्तकाचा अनुवाद आला तर इंग्रजी प्रतीची अट घालू नका. शंका असेल तर जपानी जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या आणि त्याला त्याचं मानधन द्या.

२. जे पुस्तक इंग्रजीवरून केलं असेल, त्यावर तसं स्पष्ट छापा. वाचकाला आपण काय विकत घेतोय हे कळायला हवं.

३. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाखाली, वाचता येईल अशा टायपात. आणि मूळ भाषेतून करणाऱ्याला त्या कामाला साजेसा दर.

४. तुमच्यापैकी निदान दोघा-तिघांनी एकत्र येऊन वर्षाला एक जपानी पुस्तक थेट मराठीत काढा. पहिलं कामिया मिएको यांचं असावं, अशी माझी फार इच्छा आहे. अर्थसाहाय्याचा अर्ज भरायला, जपानी प्रकाशकाशी पत्रव्यवहार करायला मी आणि माझ्या ओळखीचे चौघे जण एक पैसा न घेता बसू.

५. मराठी मांगाचा एक तरी प्रयोग करा. आवाजाच्या शब्दांची वही तयार आहे.

नान्किचि यांचं बाड परत माझ्या टेबलावर आहे, ब्याऐंशी हस्तलिखित पानं, सोबत जपानी संहिता ओळीला ओळ लावून. ज्यांना ताडून पाहायचं असेल त्यांनी एक संध्याकाळ सांगावी. मी जपानी वाचेन, तुम्ही माझ्या मराठीवर बोट ठेवा, आणि जिथे चुकले असेन तिथे तिथल्या तिथे दुरुस्त करू.

आपली,
एक जपानी-मराठी अनुवादक
पुणे